जुन्या मोटारीचे इंजिन : अस्सल कोणते, बदललेले कोणते?

ज्यांच्या दारी मोटार किंवा स्कूटर आहे, त्यांनी तिचे नोंदणीपुस्तक कधी ना कधी उघडून पाहिलेच असेल. त्यात दोन आकडे लिहिलेले असतात : एक चासीचा, दुसरा इंजिनाचा. रोजच्या वापरातील गाडीच्या बाबतीत या आकड्यांची आठवण आपल्याला फक्त तीन वेळा होते. गाडी विकताना, विम्याचा दावा करताना आणि गाडी चोरीला गेली तर पोलिस चौकीत! एरवी ते आकडे पुस्तकात स्वस्थ पडून असतात. परंतु गाडी पन्नास-साठ वर्षांची झाली, आणि तशात ती नामांकित असली, म्हणजे मात्र या दुसऱ्या आकड्याला विलक्षण महत्त्व येते. कारखान्यातून जे इंजिन घेऊन ती बाहेर पडली तेच आजही तिच्या पोटात आहे की नाही, या एका प्रश्नावर तिच्या किमतीचा मोठा हिस्सा अवलंबून राहतो. आणि जेथे पैसा आला तेथे लबाडीही आली. म्हणून अस्सल भाग आणि मागाहून बसवलेला भाग यांतील फरक ओळखण्याचे एक शास्त्रच गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. त्याची ओळख करून देण्याचा येथे विचार आहे.

सर्वच मोटारींविषयी बोलू गेल्यास बोलणे पातळ होईल. म्हणून मी एकच गाडी निवडतो. ती म्हणजे इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेली जग्वार कंपनीची ‘ई-टाइप’. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली आणि १९७४ पर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. या अवधीत बहात्तर हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. लांबलचक नाक, आखूड पाठ, आणि त्या नाकाखाली सहा सिलिंडरांचे एक देखणे इंजिन, असे तिचे रूप होते. या इंजिनाचे नाव ‘एक्सके’. ते ई-टाइपसाठी म्हणून जन्मलेले नव्हते. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ या गाडीत ते प्रथम दिसले आणि निरनिराळ्या आकारांत ते थेट १९९२ पर्यंत तयार होत राहिले. जग्वारच्या शर्यतीच्या गाड्यांत तेच, घरगुती वापराच्या मोठ्या गाड्यांत तेच, आणि ई-टाइपमध्येही तेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एका घराण्यातील दहा भावंडांचे चेहरे सारखे असावेत, तशी ही इंजिने एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे बसवणे सोपे, आणि बसवलेले ओळखणे अवघड!

इंजिन बदलले गेले म्हणजे कोणी तरी फसवणूक केली, असे मात्र एकदम समजू नये. १९६५ साली ई-टाइप ही जुनी वस्तू नव्हती. ती एक वेगवान मोटार होती आणि तिच्या मालकाला ती चालवावयाची होती. इंजिन झिजले किंवा फुटले की मालक ते गॅरेजमध्ये देई आणि दुरुस्त केलेले दुसरे इंजिन बदल्यात घेऊन घरी जाई. ही पद्धत त्या काळी सर्वमान्य होती. त्यावरचा आकडा वेगळा आहे म्हणून कोणाची झोप उडत नसे. पुढे गाडी स्वस्त झाली, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेली, आणि त्याने मोडीत निघालेल्या एखाद्या मोठ्या जग्वारचे इंजिन काढून तिच्यात घातले. आपल्याकडेही परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त होते त्या काळात कित्येक जुन्या अमेरिकन आणि इंग्रजी मोटारींत डिझेलची इंजिने बसवली गेली. गाडी रस्त्यावर ठेवण्यासाठी मिस्त्रीने केलेली ती कारागिरीच होती. अशा गाडीला मी कमी लेखणार नाही. दोष सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. बदललेले इंजिन मूळचे आहे असे भासवण्यासाठी कोणी कानस आणि पंच हाती घेतो, तेव्हा.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या धराव्यात. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला भाग अस्सल. त्याच जातीचा, त्याच काळातला, पण दुसऱ्या गाडीचा किंवा दुरुस्तीत आलेला भाग हा बदललेला. आणि अस्सल असल्याचा खोटा पुरावा अंगावर वागवणारा तो बनावट. बाजारात या तिघांचा हेतुपुरस्सर घोटाळा केला जातो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिली गोष्ट कागदाची. ई-टाइपच्या इंजिनाच्या कप्प्यात धातूची एक पट्टी असते. तीवर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे आकडे कोरलेले असतात. या पट्टीवर विसंबून राहणे बरे नव्हे; कारण अशी पट्टी नवी करवून घेणे कठीण नाही. खरा आधार कारखान्याच्या खतावण्यांचा. गाडी कारखान्याबाहेर पडताना तिचे हे सारे आकडे, रंग, रवाना केल्याची तारीख आणि ती कोणत्या विक्रेत्याकडे गेली ते वहीत नोंदवले जाई. या वह्या जपून ठेवल्या गेल्या, आणि जग्वार-डेमलर हेरिटेज ट्रस्ट ही संस्था त्यांच्या आधारे दाखला देते. हा दाखला हाती असल्यावाचून इंजिनाकडे पाहणे म्हणजे कुंडलीशिवाय मुहूर्त काढण्यासारखे आहे. परंतु एक ध्यानात ठेवावे : गाडीत कोणते इंजिन होते एवढेच तो दाखला सांगतो. आज कोणते आहे, हे आपल्यालाच पाहावे लागते.

एक्सके इंजिनाचा आकडा मुख्यतः दोन ठिकाणी ठोकलेला असतो. एक, बिडाच्या ब्लॉकवर, उजव्या बाजूस, तेलाच्या फिल्टरच्या वर. आणि दुसरा, वरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडवर, पुढच्या टोकास. या आकड्याच्या आधी जी अक्षरे येतात ती म्हणजे त्या इंजिनाचे आडनाव समजा. ३.८ लिटरच्या ई-टाइपला ‘आर’ हे अक्षर दिले होते आणि त्यांची मालिका १००१ पासून सुरू झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले तेव्हा ‘७ई’ ही खूण आली, आणि पुढच्या सुधारित गाड्यांना ‘७आर’. शेवटी आडवी रेघ मारून ८ किंवा ९ असा एक आकडा येतो. तो इंजिनातील दाबाचे प्रमाण सांगतो : नवास एक की आठास एक. आता समजा, १९६२ च्या ई-टाइपवर ‘झेडए’ अक्षरांचा आकडा निघाला. तर ते इंजिन ‘मार्क दहा’ या प्रचंड कुटुंबवत्सल गाडीचे होय. ‘७एल’ किंवा ‘८एल’ निघाले तर ते १९६८ नंतरच्या ‘एक्सजे ६’ चे. ‘एल’ने सुरू होणारी ‘एलए’, ‘एलबी’ अशी जोडी असेल तर ते ‘मार्क दोन’चे.

यांपैकी ‘मार्क दहा’चे इंजिन सर्वांत फसवे. ३.८ लिटरच्या मार्क दहाला तेच सरळ नलिकांचे हेड आणि तेच तीन एसयू कार्ब्युरेटर होते. कागदावर शक्तीचा आकडाही तोच, २६५ अश्वशक्ती. गाडी मात्र अवाढव्य आणि जड; तिला पुढे मोडीत भाव आला नाही. त्यामुळे हजारो ई-टाइपच्या मालकांना आपल्या झिजलेल्या इंजिनाच्या जागी बसवण्यास हे जणू घरचेच इंजिन मिळाले. तेलाचा संप आणि बाजूचे आधार असे काही भाग बदलले की ते बिनबोभाट बसते आणि चालतेही उत्तम. अक्षरे वाचली नाहीत तर केवळ डोळ्यांनी ते ओळखणे जाणत्यालाही जड जाईल.

मग लबाड मनुष्य काय करतो? ती अक्षरे घासून टाकतो आणि नवी ठोकतो. येथून खरी कसोटी सुरू होते.

आपल्याकडे इतिहास-संशोधकांना बनावट सनदांची ओळख फार जुनी आहे. इनामाचा हक्क सिद्ध करण्यासाठी लोकांनी जुन्या सनदा ‘तयार’ केल्या. त्या तपासताना जाणकार मजकुरावर भुलत नाही. तो कागद पाहतो, शाई पाहतो, मोडीचे वळण त्या काळचे आहे काय ते पाहतो, शिक्का कोणाचा आणि तो त्या वर्षी चालू होता काय ते पाहतो. आणि शेवटी तिथीला वार जुळतो काय याचे गणित करतो. सनदेतील एक गोष्ट खोटी करणे सोपे असते, पण सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळवून खोट्या करणे फार कठीण. इंजिनाच्या तपासणीतही नेमके हेच सूत्र आहे.

आकडा जेथे ठोकलेला असतो त्या जागेकडे भिंगातून पाहावे. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतलेला असतो, त्यामुळे त्याचे अंग खरबरीत असते. आकड्यासाठीची जागा कारखान्यात यंत्राने सपाट केलेली असते, आणि त्या यंत्राच्या पात्याच्या समांतर रेघा तेथे राहतात. कानशीने किंवा फिरत्या सहाणेने घासलेल्या जागी या रेघा नाहीशा होतात किंवा भलत्याच दिशेला जातात. घासलेली जागा किंचित खोलगट होते; पट्टी आडवी धरली की खाली उजेड दिसतो. मग अक्षरांची जात पाहावी. प्रत्येक कारखान्याचे पंच ठरावीक आकाराचे असत. ३ चे डोके गोल की सपाट, ४ चे तोंड उघडे की मिटलेले, ७ चा दांडा सरळ की वाकडा, यांची तुलना त्याच सुमाराच्या खात्रीच्या इंजिनांच्या छायाचित्रांशी करता येते. मात्र हाताने ठोकलेले आकडे थोडे वरखाली असणे हे स्वाभाविक आहे. उलट ते काटेकोर एका ओळीत, एकाच खोलीचे, कालच ठोकल्यासारखे तुळतुळीत असतील तर संशय घ्यावा. खड्ड्यांच्या तळाशी साठ वर्षांचा मळ आणि रंगाचे कण असावयास हवेत.

पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत याच्याही पुढे जातात. पोलादावर आकडा ठोकला की खालचा धातू दाबला जातो, आणि तो दाब आकड्याच्या खोलीपेक्षा अधिक आत पोचलेला असतो. वरचा आकडा घासून काढला तरी आतील दाबलेला धातू तसाच राहतो. त्यावर ठरावीक आम्लद्रव चोळला तर दाबलेल्या आणि न दाबलेल्या धातूवर त्याचा परिणाम निराळा होतो आणि पुसलेला आकडा धूसरपणे वर येतो. चोरीच्या वाहनांचे खटले या युक्तीने सिद्ध होतात. बिडावर हे पोलादाइतके स्पष्ट होत नाही, आणि फारच खोलवर घासले असेल तर मुळीच होत नाही.

तारखांची कसोटी सर्वांत सोपी, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. तिच्यासाठी क्षणभर अमेरिकेत जाऊ या. कारण तेथील शेव्हरोले कंपनीने ही सोय आपल्या ओतीव कामातच करून ठेवली होती. त्यांच्या ‘कॉर्व्हेट’ या गाडीच्या ब्लॉकवर तो ओतला त्याची तारीख उठावाच्या अक्षरांत असते : महिन्यासाठी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘सी’ म्हणजे मार्च. तेव्हा ‘सी १५ ५’ म्हणजे, साठच्या दशकातील ब्लॉक असेल तर, १५ मार्च १९६५. इंजिन जोडल्याची तारीख निराळी ठोकलेली असते, आणि गाडी तयार झाल्याची तारीख तिच्या आकड्यावरून काढता येते. क्रम उघड आहे : आधी ब्लॉक ओतला जाणार, मग इंजिन जोडले जाणार, मग गाडी बाहेर पडणार. फेब्रुवारीत बाहेर पडलेल्या गाडीत मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक असेल, तर बाकीचे सारे पुरावे कितीही गोड बोलोत, ते इंजिन त्या गाडीचे नव्हे. बापाआधी मुलगा जन्मल्यासारखाच तो प्रकार!

इंग्रजी गाडीत हे काम विजेच्या सामानाकडून होते. ई-टाइपचा डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर हे लुकास कंपनीचे असत, आणि लुकास आपल्या वस्तूंवर त्या तयार झाल्याचा महिना आणि वर्ष बारीक आकड्यांत ठोकत असे. गाडी रवाना झाल्याच्या तारखेच्या थोडे आधीचे ते आकडे असावयास हवेत. गाडी एप्रिल १९६२ मध्ये गेली आणि डिस्ट्रिब्युटरवर १९६३ आहे, तर तो नंतर बसलेला. तीन-चार वस्तूंचे आकडे एकाच सुमाराचे निघाले तर गाडी फारशी कोणी उसवलेली नाही, असा अंदाज बांधावा.

आता सिलिंडर हेड. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दोन निराळे धातू आणि मधून खेळणारे पाणी. पाण्यात गंजरोधक द्रव घालण्याची हयगय झाली की ॲल्युमिनियम कुरतडले जाते. त्यामुळे हेड हाच या इंजिनाचा सर्वाधिक वेळा बदलला जाणारा मोठा भाग आहे. हेडवरचा आकडा ब्लॉकवरच्या आकड्याशी जुळला तर उत्तम. नाही जुळला तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, फक्त तसे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. हेडची जातही पाहावी. सुरुवातीच्या ई-टाइपचे हेड सरळ नलिकांचे आणि सोनेरी रंगाचे होते. मार्क दोनचे ‘बी’ जातीचे हेड निळसर रंगाचे, आणि त्याच्या आत येणाऱ्या वायूच्या नलिका वळण घेऊन जाणाऱ्या. रंग काय, अर्ध्या तासात बदलता येतो. नलिकांचे वळण बदलत नाही. म्हणून रंगावर समाधान मानू नये. झडपांवरची लांबट झाकणे १९६८ पूर्वी गुळगुळीत, चकचकीत ॲल्युमिनियमची असत. उभ्या रेघांची झाकणे नंतरच्या गाड्यांवर आली. १९६४ च्या गाडीवर रेघांची झाकणे दिसली तर ती कोठून आली हे विचारावे.

इंजिन ३.८ चे की ४.२ चे, हे बाहेरून सांगण्याची एक चांगली खूण आहे. ३.८ मध्ये कार्ब्युरेटर ज्यांवर बसतात ते ओतीव भाग तीन, सुटे सुटे असतात आणि पाण्याची वाट निराळी; ४.२ मध्ये तो सारा एकच अखंड ओतीव तुकडा आहे. पण हा भागही उचलून दुसऱ्यावर बसवता येतो. म्हणून शेवटी सिलिंडराचाच व्यास मोजावा लागतो. कित्येकांना वाटते, स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टन किती वर-खाली होतो ते मोजले की झाले. येथे तसे होत नाही. ३.४, ३.८ आणि ४.२ या तिन्ही इंजिनांत पिस्टनची चाल सारखीच, १०६ मिलिमीटर आहे! फरक फक्त व्यासात : ८३, ८७ आणि ९२.०७ मिलिमीटर. शाळेत शिकलेले दंडगोलाचे सूत्र वापरून पाहा. ८७ मिलिमीटर व्यास, १०६ चाल, सहा सिलिंडर. उत्तर ३,७८१ घनसेंटिमीटरच्या जवळ येईल. म्हणजे सळई खोटे बोलत नाही, पण ती आपल्याला हव्या त्या प्रश्नाचे उत्तरही देत नाही. व्यासासाठी हेड उतरवावे लागते, किंवा प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडावा लागतो.

हेड उतरवले की ४.२ च्या बाबतीत एक गंमत दिसते. व्यास वाढवण्यासाठी ब्लॉकमधील सिलिंडरांची अंतरे बदलावी लागली. हेड मात्र जुन्याच अंतरांचे ठेवले. त्यामुळे काही सिलिंडरांत ज्वलनकोष सिलिंडराच्या नेमका मध्यावर येत नाही. नवख्याला वाटावे की भलतेच हेड बसवले आहे. ते तसेच आहे. कारखान्यानेच तसे केले. जे विचित्र दिसते ते बनावट, असा नियम करून चालत नाही, हे यावरून कळेल.

बाकीच्या बाहेरच्या भागांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कार्ब्युरेटर तीन असावेत, एसयू कंपनीचे, दोन इंच तोंडाचे. १९६८ पासून अमेरिकेला गेलेल्या गाड्यांवर धुराच्या नियमांमुळे दोनच, स्ट्रॉमबर्गचे, बसवले गेले. आणि पुढे हौशी मालकांनी त्या काढून पुन्हा तीन एसयू चढवले. एसयूच्या झाकणाच्या स्क्रूखाली आकड्याची लहानशी चकती असते. ती एका स्क्रूवर टिकलेली असल्यामुळे तिची साक्ष दुबळी. ३.८ च्या गाडीला डायनामो होता आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, ४.२ ला अल्टरनेटर आला आणि ऋण टोक अंगाला गेले. ३.८ मध्ये अल्टरनेटर दिसला तर विजेची सारी दिशा कोणी तरी उलटवली आहे असे समजावे. आणि बोल्टची डोकी विसरू नयेत. १९६२ च्या इंग्रजी इंजिनावर ‘८.८’ अशी खूण असलेला बोल्ट म्हणजे नंतरच्या काळातील मेट्रिक मापाचा पाहुणा. एखाद-दुसरा असेल तर सोडून द्यावा. जेथे रांगच्या रांग निघेल, तो भाग उघडला गेला आहे.

आतापर्यंत पैशाची गोष्ट झाली. परंतु एका ठिकाणी अस्सल-नकलीचा प्रश्न सरळ इंजिनाच्या जिवावर उठतो, आणि किंमत, प्रतिष्ठा यांपेक्षा मला त्याचेच महत्त्व अधिक वाटते. एक्सके इंजिनाचा क्रँक सात बेअरिंगांवर फिरतो. प्रत्येक बेअरिंगचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये, आणि खालचा अर्धा भाग म्हणजे बोल्टने आवळलेली एक टोपी. कारखान्यात या टोप्या ब्लॉकला आवळून मग एकाच हत्याराने सातही भोके आरपार कोरली जात. त्यामुळे त्या टोप्या त्याच ब्लॉकच्या, आणि त्याच जागेच्या. म्हणून त्यांवर खुणेचे आकडे ठोकलेले असतात. कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या टोप्याही तशाच जोडीने. दोन-तीन इंजिने मोडून एक ‘अस्सल’ जुळवताना एका ब्लॉकची टोपी दुसऱ्यावर चढली, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण भोक केसभर वाकडे होते, तेलाचा पापुद्रा टिकत नाही, आणि क्रँक घासू लागतो. कधी थोड्याच दिवसांत, तर कधी लांबच्या प्रवासात मध्येच. म्हणून विकत घेण्यापूर्वी संप उतरवून टोप्यांवरचे आकडे वाचू देणारा विक्रेता मिळाला तर त्याच्याशी बोलणे चालू ठेवावे. हे आकडे वाचताना एक लक्षात असू द्यावे : जग्वारमध्ये पहिला सिलिंडर म्हणजे सर्वांत मागचा, क्लचकडचा. पुढून मोजणाऱ्या अनेक हुशार लोकांनी येथे निष्कारण बनावटीचा आरोप केलेला आहे.

येथवर आल्यावर कोणीही विचारील की, इतके भाग बदलत गेले तर ती गाडी तीच कशी राहिली? हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० मध्ये खरोखरच आला. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची गाडी १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन घातले गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या मार्गावर तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. मग ती दुरुस्त झाली, तिची बॉडी बदलली, पुन्हा बदलली. १९९० मध्ये ती विकण्याचा सौदा झाला एक कोटी पौंडांना. खरेदीदारांनी पैसे देण्याचे नाकारले : ही ती गाडीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ च्या गाडीतला फारच थोडा भाग शिल्लक आहे, हे न्यायमूर्ती ऑटन यांनीही मान्य केले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. बदल एकाएकी झाले नाहीत, ते हळूहळू होत गेले, गाडीचा इतिहास कोठेही तुटला नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, असा त्या निकालाचा रोख होता. न्यायालयाने तिला मूळ स्वरूपातील गाडी म्हटले नाही. पण ती ‘ओल्ड नंबर वन’ आहे हे मात्र मान्य केले. मला हा निकाल पटतो, पण त्याचा आधार एका अटीवर आहे : प्रत्येक बदल केव्हा आणि कसा झाला, याची माहिती उपलब्ध होती. हीच माहिती ज्या गाडीची लपवली आहे तिला या निकालाचा आसरा घेता येणार नाही.

खुद्द जग्वार कंपनीने या गुंत्यात एक नवी गाठ मारली आहे. फुटलेल्या ब्लॉकमुळे अडून बसलेल्या मालकांसाठी तिने २०२० मध्ये ३.८ लिटरचे बिडाचे ब्लॉक नव्याने तयार करून विक्रीला आणले. कारखाना तोच, इंजिनाची जात तीच, वय मात्र साठ वर्षांनी कमी. पूर्वी केलेल्या तिहेरी वाटणीत मी असा ब्लॉक बदललेल्या भागांत घालीन. तो चांगला आहे, बहुधा मूळच्यापेक्षाही चांगला. पण गाडीबरोबर आलेला नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या हौसेचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी देण्याची तरतूद केली. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. या वर्गात जग्वार थोड्या. आजोबांच्या फियाट, लँडमास्टर, जुन्या जीपगाड्या, लॅम्ब्रेटा आणि बुलेट पुष्कळ. या गाड्यांसाठी कॉव्हेंट्रीच्या खतावण्यांसारखी वही सहसा हाती लागत नाही. तेथे जुने नोंदणीपुस्तक, विम्याच्या पावत्या, गॅरेजची बिले आणि इंजिन बदलल्यावर परिवहन कार्यालयात करून घेतलेली नोंद, एवढीच दफ्तरे. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी ही पिवळी पडलेली कागदपत्रे रद्दीत घालू नयेत. त्यानंतर एक दिवस बॅटरी हातात घेऊन बॉनेट उघडावे, चिंधीला थोडे रॉकेल लावून ब्लॉकवरचा तो आकडा हळूच पुसून काढावा, आणि पुस्तकातील आकड्याशी तो एकेक अक्षर ताडून पाहावा. तार-ब्रशने मात्र घासू नये. त्या खड्ड्यांतील जुना रंग हाही पुरावाच आहे.